आडवाटेच्या ओन्सेन-र्‍योकानमध्ये मुक्काम: एक रात्र, शाकाहारी सासूबाई आणि अंघोळीचा संकोच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई दहा दिवसांसाठी जपानला निघालात. त्यातली एक रात्र डोंगरातल्या, वस्तीपासून लांब असलेल्या ओन्सेनच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या, पारंपरिक जपानी पाहुणघरात, म्हणजे जुन्या र्‍योकानमध्ये काढायची आहे. सासूबाई 68 वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, गुडघे दुखणाऱ्या. परक्या बायकांसमोर विवस्त्र होऊन अंघोळ करायची या कल्पनेनेच तुम्हाला धडकी भरली आहे. आणि माणशी वीसेक हजार येन मोजून नेमकं काय मिळतं, हे तुम्हाला आधी समजून घ्यायचं आहे.

मी तोहोकुमध्ये, म्हणजे जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर भागात, बरीच वर्षं दुभाषी आणि वाटाडी म्हणून काम करते. मराठी कुटुंबांसाठी अशी घरं शोधणं, त्यांच्या वतीने ओकामींशी, म्हणजे तिथल्या मालकीणबाईंशी, बोलणं आणि बरेचदा सोबत जाऊन राहणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवातून बनलेलं मत आधीच सांगते: एकच रात्र काढता येणार असेल तर इतक्या लांब जाऊ नका. क्योतो-ओसाकातली एक रात्र कमी करा, पण एकाच घरात सलग दोन रात्री राहा.

कारण सांगते. अशा घरात दुपारी तीनला प्रवेश मिळतो आणि सकाळी दहाला खोली सोडावी लागते. पहिल्या दिवशी तुम्ही तोक्योहून तीन तास शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे, मग बस, मग घराची गाडी असं करत पोहोचता. चप्पल कुठे काढायची, युकाता हा सुती झगा कसा बांधायचा, कुठल्या दारामागे कुठलं पाणी आहे, यातच संध्याकाळ जाते. सहा-साडेसहाला जेवण. एखादी अंघोळ कशीबशी होते, तीही बिचकत. सकाळी नाश्ता करून डोळे नीट उघडतायत तोवर बॅग भरायची वेळ. दुसरी रात्र हाताशी असली की दुसरा दिवस पूर्ण तुमचा होतो: सामान जागेवर, कुठे पोहोचायचं नाही, पाणी ओळखीचं झालेलं. सासूबाईंचे गुडघेही एका अंघोळीने सैलावत नाहीत. या घरांची मूळ रीतच मुळी मुक्कामाची होती. तोउजी म्हणून जुनी परंपरा आहे. पेरणी-कापणी आटोपली की शेतकरी कुटुंबं तांदूळ आणि मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवण, घेऊन आठवडाभर झऱ्यावर येऊन राहत, दिवसातून दोन-तीनदा पाण्यात बसत आणि पुढच्या हंगामासाठी अंग सावरून परत जात. एक रात्र आणि पंचपक्वान्नांचं जेवण ही पद्धत पर्यटन वाढल्यावर आली.

आता घर कसं निवडायचं. इथे बहुतेक लोक खोलीचे आणि जेवणाचे फोटो बघतात. मी आधी पाणी बघते.

जपानच्या 1948 च्या ओन्सेन कायद्यानुसार, उगमापाशी पाणी 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असलं, किंवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एक जरी पुरेशा प्रमाणात असला, तरी ते ओन्सेन ठरतं. म्हणजे 26 अंशांचं पाणी बॉयलरवर तापवलेलं, गाळण्यांतून पुन्हापुन्हा फिरवलेलं, क्लोरीन घातलेलं असलं, तरी कायद्याने ते ओन्सेनच. यात फसवणूक नाही. मोठ्या हॉटेलांना स्वच्छतेसाठी ते करावंच लागतं. पण तुम्ही आडवाटेला जाताय ते थेट उगमातून येऊन काठावरून वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी. त्याला गेन्सेन काकेनागाशी म्हणतात. हे शब्द आरक्षणाच्या पानावर शोधा.

2004 मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने ओन्सेनमध्ये काही ठिकाणी पाण्याचा दुधी रंग टिकवायला बाजारातली अंघोळीची पूड मिसळली जात असल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर 2005 पासून चार गोष्टी जाहीर करणं बंधनकारक आहे: साधं पाणी मिसळलंय का, तापवलंय का, फिरवून वापरलंय का, जंतुनाशक किंवा अंघोळीची पूड वगैरे घातलीय का. ही माहिती आणि पाण्याचा तपासणी-तक्ता कपडे बदलण्याच्या खोलीच्या भिंतीवर लावलेला असतो. जपानी येत नसली तरी तीन आकडे सहज सापडतात: उगमाचं तापमान, पीएच आणि तपासणीची तारीख. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मी पीएच 6 ते 8.5 च्या आसपासचं पाणी सुचवते. आकिता प्रांतातल्या तामागावा ओन्सेनचं पाणी पीएच 1.2 च्या जवळपास, म्हणजे लिंबाच्या रसाहूनही आंबट आहे. नुकतेच पाय वॅक्स केले असतील तर त्यात बसवणार नाही. ज्यांना त्वचेचा त्रास आहे आणि डॉक्टरांशी बोलणं झालंय, त्यांनी त्या वाटेला जावं.

पाण्याचे अधिकृत दहा प्रकार आहेत. सगळे सांगत बसत नाही. गंधकाचं पाणी उगमापाशी नितळ असतं. हवेशी संयोग झाला की त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि पाणी दुधी दिसू लागतं. लोहाचं पाणी असंच हवेत आल्यावर तांबूस होतं. मिठाच्या पाण्याने अंगावर पातळ थर बसतो आणि ऊब बराच वेळ टिकते; थंडीत सासूबाईंना हे सगळ्यात मानवेल. अल्कधर्मी पाण्यात त्वचेवरचं तेल विरघळतं, अंग गुळगुळीत लागतं, पण नंतर कोरडं पडतं. तेव्हा मॉइश्चरायझर न्या.

गंधकाच्या पाण्याबद्दल एक गोष्ट मराठी बायकांना मी गाडीतच सांगून टाकते: चांदीची जोडवी, पैंजण, चांदीच्या अंगठ्या खोलीतच काढून ठेवा. एका अंघोळीत त्या काळ्या पडतात. मुलामा दिलेलं मंगळसूत्रही खराब होतं. चोख सोन्याला विशेष होत नाही, पण दागिन्यांत तांबं-चांदी मिसळलेली असते. मी तेही काढायला सांगते. काही जणींना मंगळसूत्र उतरवणं जड जातं. त्यांच्यासाठी साधे, बिनगंधकाचे झरे असलेली घरं आहेत. आधी सांगितलंत तर तशी निवड करता येते. आणि अशा पाण्याच्या बंदिस्त न्हाणीघरात वरचा झरोका किंवा खिडकी उघडी असली, तर थंडी वाजते म्हणून ती लावू नका. तो वायू साचू नये म्हणून ती मुद्दाम उघडी ठेवलेली असते. बाहेर कुंपण घातलेल्या, वाफा निघणाऱ्या जागेतही फोटोसाठी शिरू नका.

घर शोधायला एक भरवशाची खूण आहे. 1975 साली डोंगरातल्या छोट्या घरांनी एकत्र येऊन निहोन हितोउ ओ मामोरु काई, म्हणजे जपानचे आडवाटेचे झरे जपणारी संस्था, स्थापन केली. तो मोठ्या हॉटेलांचा आणि बसभर सहलींचा काळ होता. रस्त्याच्या टोकाला असलेली ही घरं बंद पडायच्या वाटेवर होती. आज त्या संस्थेतल्या घरांच्या दारात ठरावीक कागदी कंदील टांगलेला दिसतो. त्यांची एक शिक्क्यांची वही असते. तीन वर्षांत दहा शिक्के जमले की एक रात्र मोफत. तुम्हाला शिक्के जमवायचे नाहीत हे मला माहीत आहे, पण तो कंदील दिसला की घर मालकांनी स्वतः चालवलेलं आणि पाण्याची काळजी घेणारं असेल, असं मी समजते.

तुमच्या तारखांना मी न्यूतो ओन्सेनक्योउचा विचार करेन. आकिता प्रांतात न्यूतो डोंगराच्या पायथ्याशी बीच नावाच्या पानगळीच्या झाडांच्या जंगलात सात घरं विखुरलेली आहेत आणि जवळपास प्रत्येकाचा उगम वेगळा आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत ते जंगल पिवळं-तांबडं होतं. तोक्योहून कोमाची शिंकान्सेनने ताझावाको स्थानकापर्यंत सुमारे तीन तास. या गाडीत सगळ्या जागा आरक्षित असतात, तेव्हा तिकीट आधी काढा. पुढे बस. सर्वांत प्रसिद्ध घर त्सुरुनोयु. बसथांब्यावर त्यांची गाडी घ्यायला येते, पण आधी कळवावं लागतं. तिथली गवताने शाकारलेली होनजिन ही लांबट इमारत म्हणजे, सतराव्या शतकात आकिताचे सरदार अंघोळीला येत तेव्हा त्यांच्या रक्षकांची उतरायची जागा. खोलीत इरोरी, म्हणजे जमिनीतली चौकोनी शेगडी असते आणि तिच्याभोवती बसून जेवायचं. हे घर आठवडाअखेरीस मिळणं जवळपास अशक्य, मंगळवार-बुधवार बघा. कुरोयु हे त्याच खोऱ्याच्या टोकाचं घर मला जास्त आवडतं. ते हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या मध्यानंतर बर्फामुळे बंदच असतं, म्हणजे तुमच्या तारखांना शेवटचे काही आठवडे उरलेले असतील. न्यूतोमध्ये राहणाऱ्यांना एक वही विकत मिळते; ती दाखवून इतर घरांच्या पाण्यातही अंघोळ करता येते. दुसऱ्या दिवशी नेमकं हेच करायचं, पण तीनपेक्षा जास्त ठिकाणी नको.

आओमोरीतलं आओनी ओन्सेन रॉकेलच्या दिव्यांसाठी ओळखलं जातं. खोलीत वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. विलक्षण जागा आहे, पण रात्री अंधुक उजेडात पायऱ्या उतरून बाहेरच्या पाण्याकडे जायचं म्हणजे सासूबाईंसाठी धोका. गुन्मा प्रांतातलं होशी ओन्सेन तोक्योपासून जवळ. तिथलं 1895 सालचं लाकडी न्हाणीघर बघण्यासारखं आहे. पाणी टाकीच्या तळातल्या गोट्यांतून थेट वर येतं, म्हणजे तुम्ही उगमावरच बसलेले असता. पण ते न्हाणीघर बराच वेळ स्त्री-पुरुष एकत्र असतं आणि पाणी पारदर्शक, तेव्हा बायकांसाठी राखून ठेवलेली वेळ विचारून घ्या.

आता जेवण. सासूबाईंच्या दृष्टीने सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

दर माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळचा नाश्ता धरलेला असतो. डोंगरातल्या घरात मासा समुद्राचा नसावा, आसपासचाच असावा अशी चांगल्या स्वयंपाक्याची आच असते. म्हणून काठीला टोचून मीठ लावून भाजलेला इवाना हा ओढ्यातला मासा, रानभाज्या, अळंबी, डोंगरी कंद, त्या त्या भागातला भात. रानभाज्या ऐकून आपल्याला हायसं वाटतं. पण त्या शिजतात दाशी नावाच्या सारामध्ये, आणि दाशी बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनितो माशाची असते. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, टोफूवरचा सॉस, कधी लोणचंसुद्धा, सगळ्यात ती असते. “भाजीच द्या” म्हटलं तर ओकामी अगदी मनापासून दाशीतली भाजी देतील, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच आहे.

म्हणून “शाकाहारी” एवढं सांगून थांबू नका. काय चालत नाही आणि काय चालतं, दोन्ही सांगा: मांस, मासे, शिंपले, माशाची दाशी चालत नाही, कोम्बु या समुद्री वनस्पतीची आणि वाळलेल्या शिइताके अळंबीची दाशी चालते, दूध चालतं, अंडं चालतं की नाही तेही. हे जपानीत असं सांगता येईल: “निकु, साकाना, कात्सुओदाशी वा ताबेरारेमासेन. कोम्बु तो शिइताके नो दाशी वा दाइजोउबु देसु.” आरक्षण करतानाच लेखी कळवा आणि आठवडाभर आधी पुन्हा विचारा. दारात पोहोचल्यावर सांगणं हा अन्याय आहे. त्या घराच्या जवळ दुकान नाही, सामान गाडीने ठरलेल्या दिवशी येतं आणि रात्रीच्या जेवणाची तयारी सकाळपासून चालू असते. एखाद्या घराने “आम्हाला जमणार नाही” असं कळवलं तर वाईट वाटून घेऊ नका आणि आग्रह धरू नका. ते प्रामाणिक उत्तर आहे. जमतं म्हणून सांगून पानात नुसता भात आणि कोबी वाढणाऱ्या घरापेक्षा ते बरं. जैन पाळणूक असेल, कांदा-लसूण-कंद वर्ज्य असतील, तर डोंगरातल्या घरात दोन वेळचं जेवण घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर दोन चांगले मार्ग आहेत. पहिला, स्वतः रांधायची सोय असलेली घरं. इवाते प्रांतात हानामाकीजवळ ओसावा ओन्सेन आहे. तोयोसावा नदीच्या काठावर. त्यांचा तोउजीया हा जुना लाकडी विभाग आजही तोउजीच्या रीतीने चालतो: लांबच लांब करकरणारी मार्गिका, सामायिक स्वयंपाकघर, नाणं टाकून पेटणारी गॅसची शेगडी, भांडी, गाद्या-पांघरुणांचं वेगळं भाडं. शिन-हानामाकीला शिंकान्सेन थांबते, तिथून गाडीने साधारण अर्धा तास. तांदूळ, बटाटे, कोबी, वाटाणे शहरातून घेऊन जायचे. भारतातून कच्चे तांदूळ-डाळी, ताज्या भाज्या आणि फळं नेऊ नका, वनस्पती-तपासणीत अडकतात. मेतकूट, तयार पाकिटं, लोणच्याची लहान बाटली पुरे. हे ठिकाण त्सुरुनोयुइतकं निबिड नाही, पण सासूबाई तिथे स्वतःच्या हातचा मऊ भात खाऊन दोन दिवस आनंदात राहतील, आणि खर्चही निम्म्याहून कमी येईल. खरं तर तुमच्या तिघांसाठी मला हाच पर्याय सगळ्यात योग्य वाटतो.

दुसरा मार्ग कोयासान या डोंगरावरच्या तीर्थक्षेत्राचा. तिथल्या बौद्ध मठांत राहता येतं आणि शोजिन र्‍योरी म्हणजे मांस, मासे आणि माशाची दाशी नसलेलं जेवण मिळतं, तेही कांदा-लसूण न घालता. त्यातल्या फुकुचिइन या मठात ओन्सेनही आहे. आडवाटेचं र्‍योकान ते नव्हे, तोहोकुही नव्हे, पण क्योतो-ओसाकाच्या बाजूने जाता येतं आणि पथ्य पाळून गरम पाण्यात बसायचं असेल तर याहून निर्धास्त जागा मला ठाऊक नाही.

स्वतःचं खाणं र्‍योकानच्या जेवणघरात काढू नका. खोलीत विचारून खायला हरकत नसते. फक्त लोणच्याचं तेल तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, सांडलं तर डाग जात नाही, तेव्हा खाली काहीतरी अंथरा.

आता तुमचा खरा संकोच.

आपल्याकडची गरम पाण्याची कुंडं आठवा: वज्रेश्वरी-गणेशपुरी, राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे. तिथे अंगावरच्या कपड्यांनिशी, निदान लुगड्या-पंच्यानिशी पाण्यात उतरतात. जपानमध्ये पाण्यात कापड नेणं हेच अस्वच्छ मानलं जातं. पोहण्याचा पोशाख, अंतर्वस्त्र, अगदी छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. तो घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. अंग आधी पूर्ण धुऊन मगच पाण्यात शिरायचं, कारण पाणी सगळ्यांचं आहे.

क्रम असा. पडद्यावरचं पुरुष आणि स्त्री यांचं चिन्ह फोनमध्ये साठवून ठेवा आणि प्रत्येक वेळी बघून आत जा, कारण बऱ्याच घरांत रात्रीतून दोन्ही बाजूंची अदलाबदल करतात. काल बायकांची होती ती बाजू आज पुरुषांची असते. फोन बाहेरच राहतो. कपडे टोपलीत, केस वर बांधलेले, हातात छोटा टॉवेल. तो पुढे धरून चाललात तर कुणालाच वावगं वाटत नाही, जपानी बायकाही तसंच करतात. दारापाशी ओके, म्हणजे छोटी लाकडी बादली, ठेवलेली असते, तिचा वापर अगदी आपल्या तांब्यासारखा: आधी पायांवर, मग कमरेवर, खांद्यांवर पाणी घ्यायचं, म्हणजे अंगाला उष्णतेची सवय होते. मग बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून धुवायचं. उभ्याने धुऊ नका, शेजारणीवर पाणी उडतं. स्टूल धुऊन जागेवर ठेवायचं. मग हळूच पाण्यात शिरायचं. डोकं बुडवायचं नाही, पोहायचं नाही. 40 ते 42 अंशांच्या पाण्यात पहिल्यांदा पाच मिनिटं खूप झाली. बाहेर येऊन बसा, पुन्हा पाच मिनिटं. परत जाताना अंग पुसूनच कपड्यांच्या खोलीत पाऊल ठेवा. सौम्य पाणी असेल तर वरून साध्या पाण्याने धुऊ नका. तीव्र आम्लाचं असेल तर धुवा.

लाजेबद्दल बोलायचं तर माझ्यासोबत आलेल्या बायकांचं अवघडलेपण बहुतेक वेळा स्टुलावर बसेपर्यंतच टिकलं. तिथे आज्या असतात, बाळंतपणाचे व्रण असतात, शस्त्रक्रियेच्या खुणा असतात. कुणी कुणाकडे बघत नाही. पण मी कुणालाही आग्रह करत नाही. काशिकिरी म्हणजे थोड्या वेळासाठी आतून कडी लावून मिळणारी खासगी न्हाणी बऱ्याच घरांत असते. आल्या-आल्या वेळ नोंदवा, तिघं कुटुंबीय एकत्र किंवा आळीपाळीने जाऊ शकता. पहाटे पाच-साडेपाचला मोठी न्हाणीही बहुधा रिकामी असते. एकत्र अंघोळीच्या जागा पाहून घाबरू नका; जवळपास सगळीकडे बायकांसाठी वेगळी सोय असतेच. मासिक पाळी चालू असेल तर सामायिक पाण्यात उतरायचं नाही. तुमच्यासोबत गर्भवती कुणी असेल तर 2014 मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने निषिद्ध स्थितींच्या यादीतून गर्भारपण वगळलंय; तरी डॉक्टरांना विचारा आणि निसरड्या दगडांची काळजी घ्या.

गोंदण असेल तर आधी विचारा. मोठ्या सार्वजनिक न्हाणीघरांत टॅटूला अजूनही मनाई आढळते. डोंगरातली घरं सहसा समजूतदार असतात. सासूबाईंच्या हातावर जुनं हिरवं गोंदण असेल तर ओकामींना आधी एक ओळ लिहून कळवा की ही आमच्याकडची लग्नाआधीची पारंपरिक चाल आहे. मी असं लिहिल्यावर अजून कुणी नकार दिलेला नाही.

सासूबाईंच्या तब्येतीबाबत काही ठाम गोष्टी. रक्तदाबाची गोळी घेत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक. जेवल्यावर लगेच आणि एकटीने पाण्यात नको. कपडे बदलण्याच्या थंड खोलीतून एकदम गरम पाण्यात शिरल्याने रक्तदाब झपकन बदलतो. जपानमध्ये वृद्धांचे हिवाळ्यातले अपघात असेच होतात. म्हणून आधी ओकेने भरपूर पाणी, मग छातीपर्यंतच बसणं, उठताना कठडा धरून सावकाश. दिवसाला दोन अंघोळी पुरे. जास्त झाल्या की थकवा, मळमळ येते. यजमानांनी साके घेतली असेल तर त्या रात्री पाण्यात उतरू नये. पाणी प्यायला विसरू नका.

आरक्षणाच्या वेळी गुडघ्यांबद्दल हे विचारा: जेवणघरात खुर्ची-टेबल आहे का, खोलीत कमी उंचीचा पलंग मिळेल का, संडास खोलीतच आणि कमोडचा आहे का, बाहेरच्या पाण्यापर्यंत किती पायऱ्या आहेत. तातामीवर घातलेल्या गादीवरून उठणं त्यांना त्रासाचं होईल. खोली इमारतीत खालच्या मजल्यावर आणि न्हाणीच्या जवळ मागा. जुन्या घरांना लिफ्ट क्वचितच असते.

घरातल्या वागण्याचे बाकी नियम तुम्ही बघूनच शिकाल, फक्त काही चुका टाळा. दारातच बूट काढायचे. सपाता मार्गिकेत चालतात, तातामीवर नाही, आणि संडासच्या सपाता संडासातच राहतात. चाकांची बॅग तातामीवरून ओढू नका आणि तोकोनोमा या फुलं-चित्र मांडलेल्या कोनाड्यात सामान टेकवू नका. मोठ्या बॅगा कुरिअरने पुढच्या शहरातल्या हॉटेलला आधीच पाठवा, डोंगरात एक लहान पिशवी पुरते. युकाताची डावी बाजू उजवीवर येईल अशी बांधा. उलटी फक्त मृताला नेसवतात. जेवणाला ठरल्या वेळी बसा, कारण पदार्थ वेळेनुसार गरम होऊन येतात. तुम्ही जेवत असताना गाद्या घातल्या जातात. बक्षिसी द्यायची नाही. भिंती पातळ असतात; नऊनंतर हळू बोला. शरद ऋतूत खोलीत दुर्गंधी सोडणारे ढेकणासारखे किडे येतात. ती अस्वच्छता नव्हे, ते उबेला आलेले असतात. बऱ्याच घरांत त्यांना चिकटवून उचलायला चिकटपट्टीच ठेवलेली असते, चिरडू नका. आणि आकिता-इवातेकडे अस्वलांचा वावर अलीकडे फार वाढलाय. संध्याकाळी एकट्याने जंगलाच्या वाटेने फिरायला जाऊ नका. घरचे सांगतील ते ऐका.

माणशी 15 ते 25 हजार येन दोन जेवणांसकट, वर बहुतेक ठिकाणी माणशी रोज 150 येन स्नानकर. रोख बाळगा, डोंगरात कार्ड चालेलच असं नाही. ऑक्टोबरच्या अखेरीसाठी एप्रिल-मेपासून चौकशी सुरू करा. रद्द करायचं झालं तर आदल्या दिवशी कळवून चालत नाही. बरेच ठिकाणी पूर्ण रक्कम घेतात, आणि ते योग्यच आहे. दहा खोल्यांच्या घरात एक खोली रिकामी राहिली की त्या रात्रीचं गणित बिघडतं.

तुमच्या दहा दिवसांत हे असं बसेल: तोक्योत तीन रात्री, मग शिन-हानामाकीला उतरून ओसावाला दोन रात्री, तिथून परत तोक्योवरून क्योतो. ओसावा मिळालं नाही आणि सासूबाई कोम्बुच्या दाशीवर समाधानी असतील तर न्यूतो. मला घराचं नाव आणि तारखा कळवा. आहाराचं जपानी पत्र मी लिहून देते, ते तसंच्या तसं पाठवा.